ऐकले तसे लिहिणारे म्हाइंभट

मुलांनो, न्यायालयातील लघुलेखकाचे काम तुम्हांला ठाऊक आहे का? न्यायाधीश सांगतात आणि लघुलेखक ते भराभर टिपून घेतो. हे काम शिकावे लागते. लघुलेखनाच्या परीक्षेत मिनिटाला ८०, १०० किंवा १२० शब्द टिपावे लागतात. पण नुसता वेग असून भागत नाही. पदरचा एकही शब्द घालायचा नाही आणि ऐकलेला एकही शब्द गाळायचा नाही, ही सवयही अंगी बाणवावी लागते. न्यायालयात साक्षीदाराने स्वतः पाहिले-ऐकले असेल तेच सांगायचे असते. साक्ष लिहून झाली की ती त्याला वाचून दाखवतात. एका चुकीच्या शब्दामुळे निरपराध माणसाला शिक्षा होऊ शकते, म्हणून एवढी काळजी घ्यायची.

अशीच काळजी घेऊन लिहिणारे एक विद्वान सुमारे सातशे वर्षांपूर्वी वऱ्हाडात राहत होते. त्यांचे नाव म्हाइंभट. अमरावती जिल्ह्यातील मोर्शी तालुक्यात रिद्धपूर नावाचे गाव आहे. तेथे त्यांनी 'लीळाचरित्र' हा ग्रंथ लिहिला. हा मराठीतील पहिला गद्य चरित्रग्रंथ मानला जातो.

म्हाइंभट मूळचे सराळे गावचे. हे गाव अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. त्यांनी संस्कृत शास्त्रांचा मोठा अभ्यास केला होता. त्या विद्येचा त्यांना गर्वही होता. ते दिवसाढवळ्या मशाल पेटवून फिरत, असे सांगतात. आपल्या ज्ञानापुढे सगळीकडे अंधार आहे, असा त्याचा अर्थ! पुढे त्यांची महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी यांच्याशी भेट झाली. वाद घालायला गेलेल्या म्हाइंभटांचा गर्व गळाला आणि ते स्वामींचे शिष्य झाले. दुसऱ्याचे बोलणे शांतपणे ऐकायला ते शिकले. पुढच्या कामासाठी हेच त्यांचे पहिले शिक्षण ठरले.

चक्रधरस्वामी लोकांशी लोकांच्याच मराठीत बोलत. त्यांनी स्वतः ग्रंथ लिहिला नाही. इ. स. १२७४ च्या सुमारास ते उत्तरेकडे निघून गेले. त्यांचे शिष्य दुःखी झाले. त्यांच्यापैकी अनेकजण रिद्धपूरला आले. तेथे स्वामींचे गुरू गोविंदप्रभू राहत होते. नागदेवाचार्य हे शिष्यांमध्ये प्रमुख होते. ते स्वामींच्या एकेका प्रसंगाची आठवण काढत बसत.

म्हाइंभटांनी हे पाहिले आणि त्यांच्या मनात काळजी उत्पन्न झाली. या आठवणी फक्त माणसांच्या मनात आहेत. ही माणसे गेली की आठवणीही जातील. मग पुढच्या पिढीला स्वामी कसे कळणार? हे सारे लिहून ठेवावे, असे त्यांनी ठरवले. नागदेवाचार्यांनी त्यांना साथ दिली.

म्हाइंभट कामाला लागले. नागदेवाचार्यांना जे माहीत होते, ते त्यांनी लिहून घेतले. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. जो प्रसंग ज्याच्यासमोर घडला, त्याला गाठायचे आणि त्याच्याच तोंडून ऐकायचे, असा त्यांचा नियम होता. त्या काळी रेल्वे नव्हती, मोटार नव्हती. तरी ते गावोगावी फिरले. प्रसंग कोठे घडला, तेव्हा कोण हजर होते, कोण काय बोलले, हे सारे त्यांनी विचारून घेतले. लिहिलेले ते नागदेवाचार्यांकडून तपासून घेत.

इमाम बुखारी यांच्याविषयी तुम्ही घरी ऐकले असेल. नवव्या शतकात त्यांनीही हदीस गोळा करण्यासाठी दूरदूरचा प्रवास केला. कोणी कोणाकडून ऐकले, ती नावांची साखळी त्यांनी जपली. काळ वेगळा, देश वेगळा. पण सांगणारा कोण, हे आधी पाहायचे, ही रीत दोन्हीकडे दिसते.

म्हाइंभट मोठे पंडित होते. त्यांनी ठरवले असते तर अवघड शब्दांनी ग्रंथ नटवला असता. तसे त्यांनी केले नाही. लोक जसे बोलत, तशीच भाषा त्यांनी लिहिली. म्हणून लीळाचरित्रात आपल्याला यादवांच्या काळातील साधी माणसे भेटतात. त्यांचे खाणेपिणे, कपडे, सण आणि बोलण्याची ढब आपल्याला कळते.

पुढे स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ प्रत नाहीशी झाली. केवढे हे नुकसान! पण काही शिष्यांना ग्रंथाचे पाठांतर होते. हिराइसा या त्यांपैकीच एक. त्यांची स्मरणशक्ती फार तल्लख होती. अशा लोकांच्या आठवणींतून ग्रंथ पुन्हा लिहिला गेला. जेथे दोन आठवणी जुळल्या नाहीत, तेथे दोन्ही नोंदवल्या आणि कोणाची आठवण कोणती, तेही सांगितले. खरे कोणते, हे आपल्या मनाने ठरवून दुसरी आठवण पुसून टाकली नाही. म्हाइंभटांची शिस्त त्यांच्या नंतरच्या लोकांनीही पाळली.

डॉ. वि. भि. कोलते यांनी अनेक जुन्या प्रती तपासून लीळाचरित्राचे संपादन केले. ते १९७८ साली प्रसिद्ध झाले. आता रिद्धपूर येथेच मराठी भाषा विद्यापीठ स्थापन झाले आहे.

मुलांनो, वर्गात भांडण झाले की गुरुजी तुम्हांला काय घडले ते विचारतात. त्या वेळी मित्राची बाजू घेऊन दोन शब्द वाढवावेसे वाटतात किंवा दोन शब्द लपवावेसे वाटतात. तेव्हा म्हाइंभटांची आठवण करा. जे पाहिले, जे ऐकले, तेवढेच सांगा.

शब्दार्थ
पदरचा – स्वतःच्या मनाचा
निरपराध – ज्याने गुन्हा केला नाही असा
ढब – पद्धत
तल्लख – तीक्ष्ण, तेज

स्वाध्याय
१. म्हाइंभटांना कोणती काळजी वाटली?
२. प्रसंग लिहिताना म्हाइंभट कोणता नियम पाळत?
३. दोन आठवणी जुळल्या नाहीत तेव्हा काय केले गेले?

उपक्रम
घरातील वडीलधाऱ्या माणसाकडून त्यांच्या लहानपणीचा एक प्रसंग ऐका. तो जसा ऐकला तसा लिहा, त्यांना वाचून दाखवा आणि चुका दुरुस्त करा.