शाळिग्राम आणि स्टोलिच्का
आपल्या बुलढाण्यात सगळा लाव्हाचा काळा दगड, त्यात समुद्री शंख सापडायचे नाहीत. पण देवघरातला चक्राचा शाळिग्राम मुलांना नीट दाखवा (आजीला विचारून हं!). तो अ‍ॅमोनाइट, म्हणजे माकूल-ऑक्टोपसचा नामशेष नातेवाईक.

आपल्या देशातल्या अ‍ॅमोनाइटांची बारकाईनं ओळख करून दिली ती फर्डिनांड स्टोलिच्कांनी. जन्म १८३८चा, मोराव्हियातला. १८६२ पासून कोलकात्याला भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यात नोकरी. तिरुचिरापल्लीकडच्या अ‍ॅमोनाइटांवर त्यांनी ग्रंथ लिहिला, स्पिती आणि कच्छही पालथं घातलं. १८७३ मध्ये यारकंद मोहिमेवर जाताना काराकोरममध्येच ते आजारी पडले. तरी परतीला पुन्हा उंच वाट धरली. १९ जून १८७४ ला लडाखमध्ये वारले. वय अवघं ३६. त्यांची समाधी लेहला आहे.