तळेगावची मूस

आमच्या लष्करच्या सराफ्यात सोने आटवण्याची मूस मुठीत मावते. काचेच्या भट्टीतली मूसही मातीचीच, पण रांजणाएवढी. सोने १०६४ अंशांना वितळते. काचेसाठी आच चौदाशेच्या घरात न्यावी लागते. मूस तडकली की सारा माल गेला.

ही विद्या शिकण्यासाठी संयुक्त प्रांतातले ईश्वरदास वार्ष्णेय तरुणपणी आधी जपानला व नंतर अमेरिकेत बोस्टनच्या तंत्रविद्यालयात गेले. परतल्यावर १९०८ साली तळेगाव दाभाडे येथील पैसा फंडाचा काच कारखाना त्यांच्या हाती आला. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एकेक पैसा मागून उभारलेला तो निधी. पाठीशी लोकमान्य होते. पण त्याच वर्षी त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली. असल्या पैशातली मूस फुटणे म्हणजे काय, ते वाचकांनीच ताडावे.

मी गाणे शिकवणारा. मला मोठी वाटते ती पुढची गोष्ट. बडे महंमदखाँची तान हद्दू-हस्सूखाँनी आडून ऐकली, असे ग्वाल्हेरीत सांगतात. विद्या तेव्हा अशी कोंडलेली असे. तळेगावचा कारखाना मात्र शाळाही होता. मुले भट्टीपुढे उभी राहून फुंकणी धरायला शिकली. फळ्यावरचा ताल हातात उतरत नाही, तशातलाच हा प्रकार. ती मुले पुढे देशभरच्या काच कारखान्यांत पांगली.

वार्ष्णेय स्वतः नंतर तेव्हाच्या मुरादाबाद जिल्ह्यातील बहजोईस गेले. तेथे त्यांनी तावदानांची सपाट काच काढली.