टॅरोच्या ७८ पत्त्यांत गोष्टी भरल्या, पण खोक्यावर नावच नाही! कोण होत्या पामेला कोलमन स्मिथ?

टॅरो म्हटले की भविष्य सांगणारे आठवतात. पण अनेक लेखक, चित्रकार आणि गेम तयार करणारे हे पत्ते वेगळ्याच कामासाठी वापरतात. कथा अडली किंवा चित्र सुचेना, की एक पत्ता उचलायचा आणि त्यातल्या दृश्यापासून सुरुवात करायची. पत्त्यांचा असा उपयोग सोपा झाला तो लंडनमधील एका चित्रकर्तीमुळे. त्यांच्या चित्रांच्या प्रती जगभर विकल्या गेल्या. त्या स्वतः मात्र कर्जात वारल्या.

टॅरो मुळात काय आहे?

पंधराव्या शतकात उत्तर इटलीत टॅरोचा जन्म झाला, तो खेळ म्हणून. भविष्यासाठी त्याचा वापर अठराव्या शतकात फ्रान्समध्ये रुजला. संचात ७८ पत्ते असतात. त्यातील २२ मोठे पत्ते म्हणजे मूर्ख, जादूगार, चंद्र, सूर्य यांसारखी पात्रे आणि प्रतीके. उरलेले ५६ पत्ते पेले, तलवारी, दंड आणि नाणी अशा चार रंगांत विभागलेले असतात. हे पत्ते भविष्य सांगतात याला शास्त्रीय आधार नाही. कल्पना सुचवण्यासाठी मात्र त्यांच्यावर विश्वास असण्याची गरज नसते.

पामेला कोण होत्या?

पामेला यांचा जन्म १६ फेब्रुवारी १८७८ रोजी लंडनमध्ये अमेरिकी आई-वडिलांच्या पोटी झाला. वडिलांच्या नोकरीमुळे बालपण मँचेस्टर आणि जमैकात गेले. जमैकात ऐकलेल्या अनान्सी या कोळ्याच्या लोककथा त्यांनी पुढे १८९९ मध्ये पुस्तकरूपात आणल्या. पंधराव्या वर्षी त्यांनी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधील प्रॅट इन्स्टिट्यूटमध्ये कलाशिक्षणासाठी प्रवेश घेतला, पण पदवी न घेताच १८९७ मध्ये त्या बाहेर पडल्या. १८९६ मध्ये आई आणि १८९९ मध्ये वडील गेले. एकविसाव्या वर्षी त्या पोरक्या झाल्या.

लंडनमध्ये त्यांना आधार मिळाला तो रंगभूमीचा. प्रसिद्ध अभिनेत्री एलेन टेरी आणि लायसियम थिएटरच्या मंडळींत त्या वावरल्या. ‘ड्रॅक्युला’चे लेखक ब्रॅम स्टोकर याच थिएटरचे व्यवस्थापक होते. १९०३-०४ मध्ये पामेला यांनी ‘द ग्रीन शीफ’ हे छोटे मासिक चालवले. त्याचे १३ अंक निघाले. संगीत ऐकताना डोळ्यांपुढे येणारी दृश्ये त्या कागदावर उतरवत. १९०७ मध्ये छायाचित्रकार आल्फ्रेड स्टिग्लिट्झ यांनी न्यूयॉर्कमधील आपल्या दालनात त्यांची चित्रे मांडली. छायाचित्रांखेरीज अन्य कलेचे त्या दालनातील ते पहिले प्रदर्शन होते.

टॅरोचे काम कसे मिळाले?

१९०१ मध्ये पामेला ‘गोल्डन डॉन’ या गूढविद्येच्या मंडळात दाखल झाल्या. तिथेच लेखक आर्थर एडवर्ड वेट यांची ओळख झाली. १९०९ मध्ये वेट यांनी नवा टॅरो संच रेखाटण्याचे काम त्यांना दिले आणि सुमारे सहा महिन्यांत सगळे पत्ते तयार झाले. मोठ्या पत्त्यांबाबत वेट यांच्या सूचना बारीक होत्या. उरलेल्या पत्त्यांत पामेला यांना बरीच मोकळीक होती, असे अभ्यासक मानतात. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये लंडनच्या विल्यम रायडर अँड सन या प्रकाशनाने संच बाजारात आणला.

त्यांनी नेमके काय बदलले?

हे समजायला आपल्याकडचे उदाहरण सोपे पडेल. पनवेलहून निघणाऱ्या मुंबई-गोवा महामार्गाने तळकोकणात गेले की सावंतवाडी लागते. तिथल्या गोल, हाताने रंगवलेल्या गंजिफाच्या दशावतारी संचात १२० पत्ते असतात. दहा अवतारांचे प्रत्येकी १२. त्यात राजा आणि प्रधान यांचीच चित्रे असतात. उरलेल्या दहा पत्त्यांवर मासा, कासव, परशू अशी त्या-त्या अवताराची खूण एक ते दहा वेळा काढलेली असते.

जुन्या टॅरोतही बहुधा असेच होते. पाच पेल्यांच्या पत्त्यावर फक्त पाच पेले. पामेला यांनी तिथे काळ्या झग्यातला माणूस उभा केला. त्याच्यासमोर तीन पेले सांडले आहेत, मागे दोन शाबूत आहेत, पण त्याची नजर सांडलेल्यांवरच खिळली आहे. सहा तलवारींच्या पत्त्यात एक नावाडी पाठमोऱ्या स्त्रीला आणि मुलाला पलीकडे नेतो आहे. पंधराव्या शतकातील सोला बुस्का या इटालियन संचात अंकी पत्त्यांवर चित्रे होती आणि त्याचा प्रभाव पामेला यांच्या काही पत्त्यांवर दिसतो. पण ही पद्धत रूढ झाली ती पामेला यांच्या संचामुळे.

कथा-चित्रांसाठी पत्ते कसे वापरतात?

एक साधी पद्धत तीन पत्त्यांची आहे. पहिला पत्ता पात्र, दुसरा अडचण, तिसरा शेवट. पत्त्याचा ठरलेला अर्थ बाजूला ठेवायचा आणि फक्त चित्राला प्रश्न विचारायचे. नावेतली स्त्री कुठून निघाली? तिने मागे काय सोडले? पत्ता उत्तर देत नाही, पण नेहमीच्या विचारांची वाट मोडतो. इटालियन लेखक इटालो काल्व्हिनो यांनी तर टॅरोच्या जुन्या संचांचे पत्ते मांडून त्यातून ‘द कॅसल ऑफ क्रॉस्ड डेस्टिनीज’ हे अख्खे पुस्तक रचले.

पामेला यांना काय मिळाले?

एकरकमी मोबदला. विक्रीतला वाटा नाही. काम मोठे आणि पैसे अगदीच थोडे, असे त्यांनी त्याच वर्षी स्टिग्लिट्झ यांना पत्रातून कळवले होते. संच ओळखला गेला तो प्रकाशक रायडर आणि लेखक वेट यांच्या नावाने. पामेला यांची खूण उरली ती पत्त्यांच्या कोपऱ्यातील नागमोडी आद्याक्षरांत.

१९११ मध्ये त्यांनी कॅथलिक पंथ स्वीकारला. पहिल्या महायुद्धानंतर वारशाच्या पैशांतून कॉर्नवॉलमध्ये घर घेऊन तिथे धर्मगुरूंसाठी विश्रांतीगृह चालवले. चित्रांना मागणी उरली नव्हती. १८ सप्टेंबर १९५१ रोजी ब्यूड या गावी त्यांचे निधन झाले. देणी भागवण्यासाठी त्यांचे सामान लिलावात विकले गेले. त्यांची कबर नेमकी कुठे आहे, हे आज सांगता येत नाही.

१९७० च्या दशकात टॅरोची लाट आली आणि हाच संच घरोघरी पोहोचला. संचाच्या शताब्दीला, २००९ मध्ये, अमेरिकेतील प्रकाशकाने काढलेल्या विशेष आवृत्तीत स्मिथ हे नाव वेट यांच्या आधी छापले गेले.

आजच्या चित्रकारांनी काय पाहावे?

करंजाडेसारख्या नव्या वसाहतींत घरून डिझाइन किंवा चित्रांची कामे करणाऱ्यांसाठी ही कहाणी जुनी नाही. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार स्वतःहून काढलेल्या चित्राचा पहिला हक्कदार सहसा चित्रकारच असतो, पण मोबदला घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलेल्या चित्राचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, काम देणाऱ्याकडे जातो. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी करार लागतो. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर हक्क भारतापुरतेच मानले जातात. त्यामुळे सही करण्यापूर्वी तीन गोष्टी वाचायच्या : मुदत किती, विक्रीत वाटा आहे का आणि नाव कुठे छापले जाणार.