बाईक वळवताना गुडघा बाहेर का काढतात? सगळ्या जगाला ते दाखवणाऱ्या यार्नो सारिनेनची गोष्ट

सप्टेंबर २०२३ मध्ये बुद्ध सर्किटवर मोटोजीपी झाली आणि सगळ्यांच्या फोनवर तेच फोटो फिरायला लागले. रायडर सीटवरून अर्धा खाली उतरलाय, गुडघा रस्त्याला घासतोय, कोपरही जवळपास टेकलंय. बघणाऱ्याला वाटतं, आता पडला. पण तो पडत नाही.

ही पद्धत जगभर पसरली त्यामागे फिनलंडच्या एका पोराचा मोठा हात आहे. नाव यार्नो सारिनेन. मोटोजीपीच्या जुन्या चाहत्यांना सोडलं, तर आपल्याकडे हे नाव फारसं कुणाला माहीत नाही.

यार्नोचा जन्म ११ डिसेंबर १९४५ चा, तुर्कू शहरातला. फिनलंडमध्ये हिवाळ्यात तळी गोठतात आणि त्या बर्फावर मोटरसायकलच्या शर्यती होतात. यार्नो तिथंच तयार झाला. बर्फावर गाडी सतत घसरत असते, त्यामुळे घसरणाऱ्या गाडीला न घाबरता अंगानं सांभाळायचं, हे त्याच्या हाडात मुरलं. सोबत मेकॅनिकल इंजिनिअरिंगचं शिक्षण होतं. म्हणजे गाडी पळवायचा तोच आणि ती तशी का पळते याचा विचार करायचाही तोच.

१९७० मध्ये तो वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये उतरला. त्या काळी चांगला रायडर कसा ओळखायचे? तर गुडघे टाकीला चिकटलेले, अंग गाडीच्या रेषेत आणि गाडी झुकेल तितकाच माणूस झुकणार. ते दिसायचं सुंदर, पण त्यात एक अडचण होती.

वळणावर गाडी आत झुकवावी लागते. वेग जितका जास्त, तितका झुकाव जास्त. एका मर्यादेनंतर फूटरेस्ट किंवा सायलेन्सर जमिनीला घासतो आणि टायरची पकडही संपत येते. मात्र भौतिकशास्त्र फक्त गाडीचा झुकाव मोजत नाही, ते गाडी आणि माणूस यांचं मिळून वजन कुठं आहे ते बघतं. माणसानं स्वतःचं वजन वळणाच्या आतल्या बाजूला नेलं, तर तेवढ्याच वेगाला गाडी कमी झुकवली तरी चालते. साहजिकच टायरकडे थोडी पकड शिल्लक राहते.

यार्नो नेमकं हेच करायचा. शरीर आत, गुडघा बाहेर. हँडलही त्यानं खाली चांगलंच झुकवून घेतलं होतं. त्याच्या आधी कुणी गुडघा बाहेर काढलाच नव्हता असं नाही, आणि आजच्या रायडरइतका तो सीटवरून उतरायचाही नाही. पण या पद्धतीनं तो जिंकत होता, म्हणून लोक बघायला लागले.

१९७२ मध्ये यामाहावर तो २५० सीसीचा वर्ल्ड चॅम्पियन झाला. ३५० सीसीमध्ये जाकोमो अॅगोस्टिनीसारख्या दादा माणसाला त्यानं घाम फोडला. त्याच वर्षी तो अमेरिकेत ओंटारिओच्या ट्रॅकवर उतरला, तेव्हा केनी रॉबर्ट्स नावाचा तरुण अमेरिकन रायडर त्याला वळणं घेताना बघत होता. रॉबर्ट्सनं ती पद्धत उचलली आणि आणखी पुढं नेली. १९७८, १९७९ आणि १९८० असे सलग तीन वर्षं तो ५०० सीसीचा वर्ल्ड चॅम्पियन होता. त्यानंतर गुडघा घासणं ही रेसिंगची ओळखच झाली.

यार्नोला मात्र यातलं काहीच बघायला मिळालं नाही.

१९७३ ची सुरुवात तर स्वप्नासारखी होती. ७५० सीसीच्या गाड्यांसमोर ३५० सीसीची यामाहा घेऊन त्यानं डेटोना २०० जिंकली. मग इमोला २०० जिंकली. २५० सीसीच्या पहिल्या तिन्ही ग्रांप्री त्याच्या, ५०० सीसीच्या पहिल्या दोन्हीही त्याच्याच.

आणि मग आला २० मे १९७३. इटलीतलं मोन्झा, २५० सीसीची शर्यत, पहिलाच लॅप. कुर्वा ग्रांदे या वेगवान वळणावर रेंझो पासोलिनी पडला. मागून येणारा यार्नो त्यात सापडला आणि पाठोपाठ इतरही अनेक जण कोसळले. पासोलिनी आणि यार्नो दोघंही गेले. यार्नोचं वय होतं अवघं २७. आधीच्या शर्यतीतलं ऑइल रस्त्यावर राहिलं होतं की पासोलिनीचं इंजिन जाम झालं, यावर पुढं बराच वाद झाला. पण तिथं ट्रॅकला लागूनच लोखंडी कठडे होते. पडलेल्या माणसाला घसरत जायला जागाच नव्हती.

यामाहानं त्या वर्षीच्या उरलेल्या शर्यतींतून कारखान्याची टीम मागं घेतली. रायडरच्या सुरक्षेची मागणी जोर धरू लागली. पुढं याच प्रश्नावर आयोजकांशी भांडणाऱ्यांमध्ये केनी रॉबर्ट्सही होता.

आज ट्रॅकवर नवख्यांना शिकवतात ते असं: वळण यायच्या आधीच, गाडी सरळ असताना बसायची जागा बदला. बाहेरच्या बाजूची मांडी टाकीला घट्ट लावून त्यावर अंग तोला. हँडलला लटकू नका, हात सैल ठेवा. नजर वळणाच्या शेवटाकडे ठेवा. गुडघा मुद्दाम टेकवायला जाऊ नका. बाकीचं जमलं की तो आपोआप टेकतो.

आणि हे सगळं ट्रॅकवरच. घाटात वळणापलीकडे वाळू असते, सांडलेलं डिझेल असतं, समोरून एसटी येते आणि कडेला कठडा असतो. अंग कसं झुकवायचं हे यार्नोपेक्षा चांगलं त्या काळी क्वचितच कुणाला येत असेल. मोन्झाच्या कठड्यांपुढं त्याचंही काही चाललं नाही.