खेकड्याची चाल नाकारणारे मात्सुमोतो

आघाडीचे सरकार बनू लागले की आधी जागा मोजल्या जातात, मग खाती वाटली जातात आणि ज्यांच्या घामावर पक्ष उभा राहिला त्यांना कुठे बसवायचे याचा विचार सर्वांत शेवटी होतो. हे आम्ही आपल्याकडचे सांगत नाही. महायुद्धात पराभूत झालेल्या जपानमध्ये १९४७ साली असे एक मंत्रिमंडळ बनले. त्या मंत्र्यांच्या यादीत ज्यांचे नाव नव्हते, त्या जिइचिरो मात्सुमोतो यांच्याविषयी आज आम्ही लिहीत आहोत.

मात्सुमोतो यांचा जन्म १८८७ सालचा, क्युशू बेटावरील फुकुओकाजवळच्या एका बुराकू वस्तीतला. बुराकू म्हणजे जपानचे अस्पृश्य. मेलेली जनावरे ओढायची, कातडी कमवायची आणि गावाबाहेर राहायचे, हेच त्यांचे जिणे. वंश वेगळा नाही, भाषा वेगळी नाही, धर्मही तोच. फरक फक्त जन्माचा. १८७१ च्या सरकारी हुकुमाने ही अस्पृश्यता कागदावर संपली. पण कुटुंबाच्या सरकारी नोंदवहीत जुने मूळ शोधता येत होते आणि लग्न, नोकरीच्या वेळी ते शोधलेही जात होते. ही गोष्ट आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको.

तरुणपणी मात्सुमोतो चीनमध्ये भटकून आले आणि परतल्यावर त्यांनी बांधकामाच्या ठेकेदारीत जम बसवला. त्यांची कमाई चळवळीला लागली. ३ मार्च १९२२ रोजी क्योतो शहरात बुराकूंची पहिली देशव्यापी संघटना, सुइहेइशा, स्थापन झाली. पाण्याच्या पातळीसारखा सपाट, उच्चनीच नसलेला समाज, हा त्या नावाचा अर्थ. १९२५ मध्ये मात्सुमोतो तिचे अध्यक्ष झाले. फुकुओकाच्या लष्करी पलटणीत बुराकू सैनिकांना मिळणाऱ्या वागणुकीविरुद्ध संघटनेने आवाज उठवला, तेव्हा पलटणीवर बॉम्ब टाकण्याच्या कटाचा आरोप ठेवून त्यांना अटक झाली. १९३१ च्या अखेरीस ते तुरुंगातून सुटले. दारू नाही, तंबाखू नाही, जुगार नाही, लग्न नाही आणि गळ्यात टाय नाही, असे त्यांचे पाच नियम होते. ते त्यांनी शेवटपर्यंत पाळले.

१९३३ साली ताकामात्सुच्या न्यायालयाने दोन बुराकू तरुणांना दोषी ठरवले. गुन्हा काय? आपला जन्म लपवून एका मुलीशी लग्नाचा घाट घातला, म्हणून अपहरण! मात्सुमोतो यांच्या नेतृत्वाखाली या निकालाविरुद्ध देशभर रान उठले. त्या लढ्यानंतर, १९३६ साली, ते संसदेत निवडून आले.

युद्धकाळातील त्यांची एक बाजू आम्ही झाकून ठेवणार नाही. १९४२ ची निवडणूक त्यांनी युद्धखोर राजवटीने पुरस्कृत केलेल्या उमेदवारांच्या यादीतून लढवली. संघटना वाचवण्यासाठी, की दबावापुढे वाकून? चाहते एक सांगतात, टीकाकार दुसरे. पण त्याची किंमत पुढे त्यांना मोजावी लागली.

आता १९४७. नव्या राज्यघटनेने सरदार-उमरावांच्या पदव्या रद्द केल्या आणि जन्मावरून भेदभाव करण्यास बंदी घातली. २५ एप्रिलच्या निवडणुकीत कनिष्ठ सभागृहाच्या ४६६ जागांपैकी १४३ जिंकून समाजवादी पक्ष पहिला आला. पहिला, पण बहुमताच्या जवळपासही नाही. २३ मे रोजी संसदेने समाजवादी नेते तेत्सु काटायामा यांची पंतप्रधान म्हणून निवड केली. पण खात्यांचा घोळ मिटेना. आठवडाभर सगळी खाती एकट्या काटायामांकडे होती! योशिदांच्या उदारमतवादी पक्षाची अट होती की समाजवाद्यांनी आपल्या डाव्या गटाशी संबंध तोडावा. ती मान्य झाली नाही, तेव्हा तो पक्ष बाहेर राहिला. १ जूनला लोकशाहीवादी आणि राष्ट्रीय सहकारी पक्षाला घेऊन मंत्रिमंडळ बनले. लोकशाहीवाद्यांचे आशिदा परराष्ट्रमंत्री आणि उपपंतप्रधान झाले, सहकारी पक्षाचे ताकेओ मिकी दळणवळण मंत्री झाले. आणि गंमत अशी की ज्या डाव्या गटासाठी योशिदांना गमावले, त्या गटाला एकही खाते मिळाले नाही.

मात्सुमोतो याच डाव्या बाजूचे. वरिष्ठ सभागृहात निवडून आल्यावर ते त्याचे पहिले उपाध्यक्ष झाले. अध्यक्ष होते त्सुनेओ मात्सुदाइरा. सरंजामी घराण्यातले आणि सम्राटाच्या भावाचे सासरे. त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बुराकू बसला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बाबासाहेब दिल्लीत कायदामंत्री झाले, हे वाचकांना आठवेलच. मात्र मात्सुमोतो यांच्या हाती ना खाते होते ना तिजोरी. होता तो फक्त मान.

त्या मानाचे त्यांनी काय केले? संसदेच्या उद्घाटनाला सम्राट येत, तेव्हा पदाधिकाऱ्यांनी एकेकट्याने दालनात जाऊन वाकायचे आणि सम्राटाला पाठ दिसू नये म्हणून खेकड्यासारखे आडवे सरकत बाहेर पडायचे, अशी रीत होती. जानेवारी १९४८ मध्ये मात्सुमोतो यांनी ती साफ नाकारली. माणसाने माणसापुढे खेकडा का व्हायचे? देशभर मोठी खळबळ उडाली. मंत्रिमंडळात बसलेल्या कुठल्याही समाजवाद्याने सरंजामशाहीला इतका थेट धक्का दिला नव्हता, असे आम्हाला वाटते.

सरकार मात्र फार टिकले नाही. डावलला गेलेला डावा गट अर्थसंकल्पी समितीत उलटला. रेल्वे आणि टपालाचे दर वाढवून पैसा उभा करण्याचा पूरक अर्थसंकल्प आपल्याच माणसांनी पाडला आणि फेब्रुवारी १९४८ मध्ये काटायामांनी राजीनामा दिला. आशिदांचे सरकार आले, तेही लाचखोरीच्या प्रकरणात ऑक्टोबरमध्ये गेले. मग योशिदा आले. जानेवारी १९४९ मध्ये युद्धकाळातील संबंधांचा ठपका ठेवून मात्सुमोतो यांना सार्वजनिक जीवनातून हद्दपार करण्यात आले. युद्धात हात रंगलेले कितीतरी बडे लोक मोकळे फिरत असताना! उपाध्यक्षपदाचे कवच कामी आले नाही. कामी आली ती वस्त्यावस्त्यांतली सह्यांची मोहीम. १९५१ मध्ये बंदी उठली आणि १९५३ साली ते पुन्हा वरिष्ठ सभागृहात निवडून गेले.

१९५५ मध्ये संघटनेचे नाव बुराकू मुक्ती संघ झाले. बुराकूंच्या घरांची, रस्त्यांची आणि शिक्षणाची जबाबदारी शासनाने घ्यावी, ही मागणी तिने दशकभर रेटली. त्यावर नेमलेल्या सरकारी परिषदेने १९६५ साली ही जबाबदारी शासनाचीच असल्याचे मान्य केले. २२ नोव्हेंबर १९६६ रोजी मात्सुमोतो वारले, तेव्हाही ते सभागृहाचे सदस्य होते आणि त्यांच्या गळ्यात टाय नव्हता. बुराकू वस्त्यांसाठीचा विशेष कायदा १९६९ मध्ये झाला. तो करणारे सरकार समाजवाद्यांचे नव्हते.