समाधीवरील सूत्र

व्हिएन्ना शहराच्या मध्यवर्ती स्मशानभूमींत एका संगमरवरी पुतळ्याच्या वर गणिताचें एक लहानसें सूत्र कोरलेलें आहे: एस् = के लॉग डब्ल्यू. ही समाधि लुडविग बोल्ट्झमान या थोर शास्त्रज्ञांची होय.

त्यांचा जन्म २० फेब्रुवारी १८४४ रोजीं व्हिएन्ना येथेंच झाला. वडील करखात्यांत अधिकारी होते. मुलगा पंधरा वर्षांचा असतांनाच ते वारले. तथापि विद्याव्यासंग सुटला नाहीं. १८६६ मध्यें लुडविग यांनीं डॉक्टरची पदवी मिळविली व १८६९ मध्यें, वयाच्या पंचविसाव्या वर्षीं, ते ग्राट्स येथें प्राध्यापक झाले.

कुपींतून सुटलेला सुवास खोलीभर पसरतो. तो पुन्हा कुपींत कां परतत नाहीं? सृष्टीच्या या एकमार्गी ओढीचें माप शास्त्रज्ञ 'एन्ट्रॉपी' नामक राशीनें करीत. परंतु त्या राशीचा खरा अर्थ उकलला नव्हता. १८७७ मध्यें बोल्ट्झमान यांनीं तो अणूंच्या मोजणींत दाखविला. एका पेटीचे दोन सारखे कप्पे व त्यांत चार अणु आहेत असें समजूं. चारही अणु डाव्या कप्प्यांत असण्याची रीत एकच. दोन्हीं कप्प्यांत दोन दोन असण्याच्या रीति मात्र सहा. अणु शंभर घेतले तर पहिली रीत एकच राहते, पण समान वांटणीच्या रीतींची संख्या लिहावयास तीस अंक लागतात! म्हणूनच वायु पसरतो. सूत्रांतील एस् ही एन्ट्रॉपी, डब्ल्यू ही अशा सूक्ष्म रचनांची संख्या व के हा स्थिरांक होय. सूत्रास हें आटोपशीर रूप पुढें माक्स प्लांक यांनीं दिलें.

त्या काळीं अणु कोणीं पाहिला नव्हता. माख व ओस्टवाल्ड यांसारखे विद्वान् अणूंचें अस्तित्वच मानीत नसत. बोल्ट्झमान यांनीं त्यांच्याशीं दीर्घकाळ वाद केला. पुढें दृष्टि मंदावली, मनोव्याधि बळावली, आणि ५ सप्टेंबर १९०६ रोजीं दुइनो येथें त्यांनीं स्वतःच आपली जीवनयात्रा संपविली. अवघ्या दोन वर्षांनीं, १९०८ पासून, पेरँ यांच्या प्रयोगांनीं अणूंची साक्ष पटूं लागली, आणि १९०९ पर्यंत ओस्टवाल्ड यांनींही आपलें मत बदललें. तें पाहण्यास बोल्ट्झमान मात्र उरले नव्हते.

विद्यार्थ्यांनो, पुस्तकांतील सूत्र केवळ मुखोद्गत करूं नका. त्यांतील प्रत्येक अक्षर काय मोजतें, हें विचारा. समाधीवरील त्या एका ओळीमागें डोळ्यांस न दिसणारें अफाट जग आहे, आणि तें मोजण्यांत वेंचलेलें एक आयुष्यही आहे.