गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर दख्खनचा कसा झाला?

नगर शहरातून मनमाड रोडने बाहेर पडलं की नागापूर लागतं. नगरची एमआयडीसी इथेच आहे. मराठवाड्यातून, उत्तर प्रदेशातून, बिहारमधून कामाला आलेली माणसं इथे खोल्या भाड्याने घेऊन राहतात. खोली देताना घरमालकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, मूळचे कुठले? पुढे कुणी गुंठाभर जागा घेऊन घर बांधतं. त्याची मुलं इथल्याच शाळेत जातात, आणि काही वर्षांनी तोच माणूस नव्या भाडेकरूला हा प्रश्न विचारू लागतो.

हा प्रश्न नगरला नवा नाही. साडेचारशे वर्षांपूर्वी याच शहरात माणसाची नोकरी, जहागीर आणि कधीकधी जीवसुद्धा या उत्तरावर ठरायचा. आणि ज्या माणसाने निजामशाही पंचवीस वर्षं सांभाळली, त्याचं उत्तर सगळ्यात लांबचं होतं. तो आफ्रिकेतला होता. त्याचं नाव मलिक अंबर.

मलिक अंबर कळायचा तर आधी त्या काळातल्या तीन शिक्क्यांची ओळख करून घ्यायला हवी.

पहिला शिक्का दख्खनी. मुहम्मद तुघलकाने १३२७ च्या सुमारास दिल्लीची माणसं देवगिरीला आणली. त्यातली बरीच इथेच राहिली. १३४७ मध्ये बहमनी राज्य उभं राहिलं आणि दोन-तीन पिढ्यांत ही माणसं स्वतःला दख्खनी म्हणवू लागली. म्हणजे दख्खनी हेही मूळचे बाहेरचेच, फक्त आधी आलेले. पुढे इथले धर्मांतरित सरदारही याच नावाखाली आले.

दुसरा शिक्का आफाकी. आफाक म्हणजे क्षितिजं. क्षितिजापलीकडून, म्हणजे इराण, मध्य आशिया, अरबस्तानातून आलेले ते आफाकी. लिहिण्या-वाचण्यात, दरबारी रिवाजात आणि व्यापारात ते हुशार होते, म्हणून सुलतान त्यांना बोलावून घ्यायचे. त्यांना आणखी एक नाव होतं, गरीब. आज आपण पैसा नसलेल्याला गरीब म्हणतो, पण अरबीत या शब्दाचा अर्थ परका, घरापासून दूर असलेला. दख्खनच्या दरबारातले हे गरीब बऱ्याचदा चांगले श्रीमंत होते.

तिसरा शिक्का हबशी. हबश म्हणजे इथिओपिया. तिथून गुलाम म्हणून आणलेली माणसं ती हबशी. आफाकी माणसाचे इराणशी धागे टिकून असायचे. नातेवाईक, व्यापार, परत जायची वाट, सगळं शाबूत. हबशी गुलामाला परत जायला वाटच नव्हती. त्यामुळे तो दख्खनमध्ये रुजायचा, इथल्या बाईशी लग्न करायचा, आणि दरबारातल्या भांडणात बहुतेक वेळा दख्खनींच्या बाजूला उभा राहायचा. अशा लग्नांतून झालेल्या मुलांना मुवल्लद असं वेगळं नावसुद्धा होतं.

गंमत म्हणजे खुद्द निजामशाही सुलतानांचं उत्तरही साधं नव्हतं. १४९० मध्ये ही गादी स्थापन करणाऱ्या मलिक अहमदचा बाप मूळचा पाथरीच्या ब्राह्मण कुळकर्णी घराण्यातला. लहानपणी युद्धात पकडला गेला आणि बहमनी दरबारात मुसलमान होऊन वाढला. पुढे अहमदचा मुलगा बुऱ्हाण निजामशहा गादीवर आला तेव्हा पाथरी वऱ्हाडच्या इमादशाहीत होती. पूर्वजांचं गाव म्हणून बुऱ्हाणने ती मागितली. इमादशहाने नाही म्हटल्यावर १५१८ मध्ये फौज पाठवून घेतली, आणि नंतर तिथलं उत्पन्न आपल्या ब्राह्मण भाऊबंदांना इनाम दिलं. धर्म बदलला, नाव बदललं, डोक्यावर छत्र आलं, तरी गावातला वाटा काही सुटला नाही. वतनावरचा जीव म्हणतात तो हा.

मलिक अंबरचा जन्म १५४८ च्या सुमाराचा. मूळ नाव चापू. लहानपणीच तो गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती पडला, लाल समुद्रावरच्या मोखा बंदरात विकला गेला आणि तिथून बगदादला गेला. तिथल्या मालकाने त्याला शिकवलं आणि अंबर हे नाव दिलं. मग दख्खनमध्ये आणून त्याला निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याला विकलं. हा चंगीझखान स्वतःही एकेकाळचा हबशी गुलामच. राज्यकारभार, हिशोब, फौजेची बांधणी अंबरने त्याच्याच हाताखाली पाहिली.

१५७४-७५ च्या सुमारास चंगीझखान मेला आणि त्याच्या विधवेने अंबरला मुक्त केलं. आता तो कुणाचा गुलाम नव्हता, पण त्याला घर, जहागीर किंवा गावही नव्हतं. भाड्याचा शिपाई म्हणून तो विजापूरला गेला. तिथे मलिक हा किताब मिळाला.

तो तिकडे असताना नगरमध्ये शिक्क्यांचं राजकारण कुठवर गेलं होतं हे १५८९ मध्ये दिसलं. सुलतानाच्या खुनानंतर जमालखान या दख्खनी सरदाराने शहर हातात घेतलं आणि आफाकी माणसांना वेचून मारण्यात आलं. जे वाचले त्यातले बरेच विजापूरला गेले. इतिहासकार फरिश्ता हा त्यांच्यातलाच एक.

अंबर १५९५ च्या सुमारास दीडशे घोडेस्वार घेऊन नगरला परतला. तेव्हा दरबारात एकाच वेळी चार गट होते आणि प्रत्येकाचा गादीचा वारस वेगळा. मियान मंजू या दख्खनी सरदाराने हबशी गटाला नमवण्यासाठी थेट मुघलांनाच बोलावलं. पाहुणे आले ते परत गेले नाहीत. चांदबीबीने पहिला वेढा परतवला, पण पुढे तिच्याच माणसांनी तिला मारलं आणि ऑगस्ट १६०० मध्ये किल्ला मुघलांकडे गेला.

किल्ला गेला, तरी आजूबाजूचा मुलूख गेला नव्हता. अंबरने निजामशाही घराण्यातला एक तरुण शोधून काढला, त्याला आपली मुलगी दिली आणि परांड्याला दुसरा मुर्तजा निजामशहा म्हणून गादीवर बसवलं. स्वतः गादीवर बसला नाही, तेव्हा नाही आणि नंतरही कधीच नाही. हिशोब सरळ होता. विकत घेतलेल्या माणसाला लोक सेनापती मानतील, पेशवा मानतील, पण छत्र मानणार नाहीत.

पुढची काही वर्षं त्याचा मोठा प्रतिस्पर्धी होता राजू, ज्याच्या नावामागे दख्खनी हा शब्द कायमचा चिकटलेला आहे. मुर्तजा आतून राजूला फूस द्यायचा, कारण सासऱ्याचं वजन त्याला नको होतं. १६०७ पर्यंत अंबरने राजूला संपवलं.

यानंतर जे घडलं ते डच व्यापारी पीटर व्हॅन डेन ब्रोक याच्या नोंदीतून कळतं. मुर्तजाची एक बायको इराणी होती. तिने सवतीला, म्हणजे अंबरच्या मुलीला, गुलामाची पोर म्हणून हिणवलं आणि अंबरलाही नावं ठेवली. बातमी बापापर्यंत पोचली. १६१० मध्ये मुर्तजा आणि ती राणी, दोघांनाही विष देऊन संपवण्यात आलं आणि गादीवर पाच वर्षांचं पोर बसवलं गेलं. मुर्तजाला काढायला अंबरकडे राजकीय कारणं भरपूर होती. पण साठी ओलांडलेल्या, राज्य चालवणाऱ्या माणसाच्या घरातसुद्धा गुलाम हा शब्द असा शिरत होता, हे त्यातून कळतं.

मग हा माणूस दख्खनचा झाला तो कशाने? याचं उत्तर दरबारात मिळत नाही, ते गावात आणि फौजेत मिळतं.

त्या काळी मराठी गावात शेतकऱ्यांचे दोन प्रकार होते, मिरासदार आणि उपरी. मिरासदाराची जमीन वंशपरंपरागत. ती तो विकू शकायचा, गहाण ठेवू शकायचा, आणि दुष्काळात परागंदा झाला तरी परत येऊन हक्क सांगू शकायचा. गावसभेत त्याला जागा होती, लग्नकार्यात मान होता. त्याला थळकरीही म्हणत. उपरी म्हणजे बाहेरून आलेलं कूळ. तो कमी साऱ्यावर जमीन कसायचा, पण ती त्याची नसायची आणि गावही त्याचं नसायचं. पण ही रेघ पक्की नव्हती. एखादं घराणं निर्वंश झालं की त्याची जमीन गतकूळ व्हायची आणि गावाच्या संमतीने उपरी ती विकत घेऊ शकायचा. मिरासपत्र हाती पडलं की त्याला गावात पांढरीवर घर आणि काळीत शेत मिळायचं, आणि उपरी हा शब्द गळून पडायचा.

मिरासी पद्धत मलिक अंबरच्या आधीची आहे. पण ब्रिटिशांनी जमिनीचे जुने कागद पाहिले तेव्हा त्यांना ठिकठिकाणी मलिकंबरी धारा भेटला. सारावसुलीची मक्तेदारी मोडून त्याने जमिनीची प्रतवारी लावली, पाटलामार्फत गावाला जबाबदार धरलं, सारा आधी धान्यात आणि मग रोखीत बसवला आणि रयतेचा जमिनीवरचा हक्क मान्य केला. यात उदारपणा किती होता हे बाजूला ठेवू. मुघल फौजा दरवर्षी मुलूख तुडवत असताना शेतकरी जागेवर राहणं ही त्याची गरज होती, आणि जमीन आपली वाटली तरच माणूस परत येऊन नांगर धरतो. पुढे शहाजीराजांच्या पुणे जहागिरीतही हाच धारा आधाराला घेतला गेला.

फौजेतही तेच. १६१० च्या सुमारास आलेला इंग्रज प्रवासी विल्यम फिंच अंबरकडे सुमारे दहा हजार हबशी आणि चाळीस हजार दख्खनी सैन्य असल्याचं लिहितो. या दख्खनींत मराठे मोठ्या संख्येने होते. शिक्का एकच पण आतली माणसं बदलली होती. दिल्लीहून आलेल्यांच्या वंशजांचं नाव आता मराठी बारगिरांनाही लागू झालं होतं.

१६१० मध्येच त्याने दौलताबादजवळ खडकी या गावी नवी राजधानी वसवली. पाणी नसेल तर शहर टिकत नाही, म्हणून डोंगरातलं भूजल बोगद्यांनी आणि मातीच्या नळांनी शहरात खेळवलं. हीच नहर-ए-अंबरी. सरदारांना घरं बांधायला जागा दिल्या आणि वस्त्यांना त्यांची नावं पडली. मालोजींचं मालपुरा, खेळोजींचं खेळपुरा, परसोजींचं परसपुरा, विठोजींचं विठापुरा. हबशी पेशव्याच्या राजधानीत मराठा सरदारांच्या नावाच्या पेठा होत्या. घर असलेला सरदार फितूर होतच नाही असं नाही, पण त्याला सोडून जाताना काहीतरी मागे टाकावं लागतं.

१६१६ मध्ये रोशनगावच्या लढाईत अंबर हरला आणि मुघलांनी खडकी लुटून जाळली. त्याने ती पुन्हा उभी केली.

दिल्लीच्या दृष्टीने मात्र तो हबशीच राहिला. जहांगीर आपल्या आठवणींत त्याचा उल्लेख रंगावरून हिणवल्याशिवाय क्वचितच करतो. त्याने एक चित्रही काढून घेतलं, ज्यात तो स्वतः पृथ्वीच्या गोलावर उभा राहून भाल्यावर लावलेल्या अंबरच्या मुंडक्यावर बाण मारतोय. प्रत्यक्षात ते मुंडकं जहांगीरला कधीच मिळालं नाही.

उलट १६२४ मध्ये नगरजवळ भातवडीला मुघल आणि आदिलशाही अशा दोन्ही फौजा अंबरवर चालून आल्या, तेव्हा त्याने पाण्याचा बांध फोडून त्यांच्या छावणीत चिखल केला, रसद तोडली, रात्रीचे छापे घातले आणि दोघांनाही उधळून लावलं. शहाजीराजे या लढाईत त्याच्या बाजूने होते. त्यांचे भाऊ शरीफजी इथेच पडले.

१६२६ मध्ये मलिक अंबर वारला, तेव्हा तो ऐंशीच्या घरात होता. खुलताबादला त्याने आधीच बांधून ठेवलेल्या मकबऱ्यात त्याला पुरलं. त्याची बायको बीबी करीमा हिची कबरही जवळच आहे. मोखाच्या बाजारात विकल्या गेलेल्या चापूला शेवटी स्वतःच्या मालकीची जागा मिळाली ती इथे.

मुलगा फतेहखान याला बापाची पत आली नाही. १६३३ मध्ये त्याने दौलताबाद मुघलांच्या हवाली केलं आणि पेन्शन घेऊन लाहोरला जाऊन राहिला. तीन वर्षांनी निजामशाही संपली. खडकीचं नाव आधी फतेहनगर, मग औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर झालं. नहर-ए-अंबरीचे काही अवशेष तिथे अजूनही पाहता येतात.